तांत्रिक लिफाफ्यात बाद झालेली निविदा: पर्वरीला कधी जावे आणि कशाच्या बळावर

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात कुंडई औद्योगिक वसाहतीत विजेच्या पॅनेलचे छोटे युनिट आहे, उद्यम नोंदणी (केंद्राची लघुउद्योग नोंदणी) ‘सूक्ष्म’ गटात. राज्य सरकारच्या एका खात्याने पथदीप पुरवून बसवण्यासाठी सुमारे ६५ लाखांची निविदा काढली. तांत्रिक लिफाफा (पात्रतेच्या कागदपत्रांचा) बाद झाला. पोर्टलवर दोन कारणे दिसतात: ईएमडी (निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम) भरलेली नाही आणि अनुभवाचा दाखला अटीप्रमाणे नाही. ईएमडीसाठी लघुउद्योग म्हणून सूट मागितली होती. अनुभवासाठी वर्क ऑर्डर जोडली होती, काम पूर्ण झाल्याचा दाखला जोडायचा राहिला. दुसऱ्या एका निविदाकाराला राहिलेला कागद मागाहून देऊ दिला असे कळते. आर्थिक (दरांचे) लिफाफे आठवड्याभरात उघडणार आहेत. पर्वरीला उच्च न्यायालयात जाऊन उपयोग होईल का?

उत्तर

अनुभवाच्या कारणावर तुमची बाजू चांगली आहे. ईएमडीच्या कारणावर मात्र निविदेतले सुटीचे कलम नेमके काय म्हणते त्यावर सगळे अवलंबून आहे. आणि न्यायालयात दोन्ही कारणे खोडावी लागतील. त्यातले एक जरी टिकले, तर दुसरे कितीही चुकीचे असो, तुम्ही बादच राहता. म्हणून वकिलाची फी भरण्याआधी निविदा संच पुन्हा उघडा आणि ईएमडीचे कलम शब्द न् शब्द वाचा.

‘लघुउद्योगाला ईएमडी माफ असते’ हे वाक्य आपल्या औद्योगिक वसाहतींत सर्रास ऐकू येते. त्याचे मूळ आहे केंद्राच्या २०१२ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या सार्वजनिक खरेदी धोरण आदेशात. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ च्या कलम ११ खाली तो काढला आहे. निविदा संच मोफत, ईएमडी माफ, वार्षिक खरेदीचा २५ टक्के हिस्सा लघुउद्योगांकडून, त्यातला ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. शिवाय तुमचा दर एल-वनपेक्षा (सर्वांत कमी दराच्या निविदाकारापेक्षा) १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर एल-वनच्या दराला उतरून पुरवठ्यात वाटा मिळवायची संधी. पण हा आदेश बांधतो तो केंद्रीय मंत्रालयांना, केंद्रीय खात्यांना आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना. वास्कोच्या गोवा शिपयार्डची किंवा कोकण रेल्वेची निविदा असती, तर तो तुम्हाला थेट दाखवता आला असता. २०२५ च्या लाईफकेअर इनोव्हेशन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाला कायद्याचे बळ आहे आणि तो राबवणे ही संबंधित यंत्रणांची जबाबदारी आहे, असे स्पष्ट केले. मात्र प्रत्येक खरेदीत २५ टक्के मलाच द्या, असा एकेका उद्योगाचा हक्क त्यातून निघत नाही.

राज्याचे खाते, नगरपालिका, पंचायत किंवा राज्याचे महामंडळ यांना तो आदेश आपोआप लागू होत नाही. तिथे सूट मिळते ती राज्याच्या स्वतःच्या परिपत्रकामुळे किंवा त्या निविदेतल्याच कलमामुळे. आणखी दोन अडचणी आहेत. एक, केंद्राच्या धोरणाचा लाभ माल आणि सेवा यांच्यासाठी आहे, बांधकामाच्या म्हणजे ‘वर्क्स’च्या कंत्राटांसाठी नाही. दुसरी, तो उत्पादक आणि सेवा देणारे यांच्यासाठी आहे, नुसता माल घेऊन विकणाऱ्यांसाठी नाही. पथदीप ‘पुरवून बसवणे’ हा मधला प्रकार आहे. पोर्टलवर निविदेच्या तपशिलात प्रवर्ग दिलेला असतो: वर्क्स, गुड्स की सर्व्हिसेस. तो आधी बघा. मग उद्यम प्रमाणपत्रावर तुमचा व्यवसाय उत्पादन म्हणून नोंदलेला आहे की व्यापार म्हणून, आणि उपक्रमाच्या यादीत पथदीपांशी जुळणारा कोड आहे का, तेही बघा. पॅनेल बनवणाऱ्याच्या उद्यम नोंदणीवर दिव्यांचा कोडच नसणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि छाननी समितीच्या टिपणीत ती पहिल्या ओळीत येते.

यातून तीन शक्यता उरतात. निविदेत ‘उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांना ईएमडी माफ’ असे स्वच्छ लिहिले असेल आणि तुम्ही प्रमाणपत्र जोडले असेल, तर हे कारण खोडणे सोपे आहे. सरकारने स्वतः घातलेली अट सरकारलाही बांधते, हे १९७९ च्या रमणा शेट्टी निकालापासून पक्के आहे. निविदा सुटीबाबत गप्प असेल, तर हे कारण टिकेल, आणि मी तुम्हाला याचिकेचा खर्च करू नका असेच सांगेन. तिसरी शक्यता संदिग्ध कलमाची. तिथे २०१६ चा ॲफकॉन्स विरुद्ध नागपूर मेट्रो निकाल आडवा येतो: निविदा ज्याने लिहिली त्याने लावलेला अर्थ न्यायालय सहसा मानते, तो अर्थ अगदीच विपरीत किंवा दुष्ट हेतूने लावलेला नसेल तर. अशा वेळी प्री-बिड (निविदा भरण्याआधीच्या शंकानिरसनाच्या) बैठकीतली प्रश्नोत्तरे आणि शुद्धिपत्रके काढून बघा. खात्याने तिथे कुणालाही ‘होय, सूट आहे’ असे लेखी उत्तर दिले असेल, तर संदिग्धता तिथेच संपते.

आता अनुभवाचा दाखला. गोव्यातल्या बांधकाम निविदांचा साचा बराचसा केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नियमावलीवर बेतलेला असतो. त्यात ‘तत्सम काम’ मोजायची नेहमीची पट्टी अशी: गेल्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन कामे, किंवा ६० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचे एक. ६५ लाखांच्या कामाला म्हणजे २६ लाखांची तीन, ३९ लाखांची दोन किंवा ५२ लाखांचे एक. जुन्या कामाची किंमत आजच्या पातळीवर आणायला काम पूर्ण झाल्यापासून दरसाल ७ टक्के सरळ वाढ देतात. तीन वर्षांपूर्वी पूर्ण केलेले ३४ लाखांचे काम त्यामुळे ४१ लाख १४ हजारांचे धरले जाते आणि ३९ लाखांची रेषा ओलांडते. हा हिशेब करायला पूर्ण झाल्याची तारीख आणि प्रत्यक्ष झालेली रक्कम लागते. ती वर्क ऑर्डरवर नसते, पूर्णत्वाच्या दाखल्यावर असते. समिती दाखल्यासाठी अडून बसते त्याचे कारण हे आहे. ते कारण मान्य करूनच पुढचा युक्तिवाद करावा, म्हणजे तो ऐकला जातो.

तो युक्तिवाद असा. पात्रता नसणे वेगळे आणि पात्रतेचा पुरावा जोडायचा राहणे वेगळे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खरेदी नियमपुस्तिकेत हा फरक उदाहरणासह दिला आहे: निविदाकाराने पुरवठ्याचा आदेश जोडला पण पूर्णत्वाचा दाखला जोडला नाही, तर तो दाखला मागवता येतो; नवा पुरवठा आदेश मात्र मागवता येत नाही. तुमचे प्रकरण या उदाहरणात तंतोतंत बसते. दाखला निविदेच्या शेवटच्या तारखेच्या आधीचा असला पाहिजे, ही मात्र निर्णायक गोष्ट आहे. काम आधी संपले पण दाखला मागाहून मिळवला, तर बाजू लगेच पातळ होते. आणि तुमच्या निविदेतच ‘मुदतीनंतर कोणताही कागद स्वीकारला जाणार नाही’ असे कलम असेल, तर केंद्राची पुस्तिका राज्याच्या खात्यावर बंधन म्हणून लादता येत नाही. ती रास्त पद्धत कोणती याचा दाखला म्हणूनच पुढे करता येते.

इथे एका निकालाबद्दल सावध करतो, कारण तो चुकीच्या अर्थाने फार वापरला जातो. १९९१ च्या पोद्दार स्टील प्रकरणात ईएमडी ठरल्याप्रमाणे स्टेट बँकेच्या ड्राफ्टने न भरता युनियन बँकेच्या चेकने भरली होती, तरी निविदा ग्राह्य धरली गेली. अटी दोन प्रकारच्या असतात, पात्रतेच्या मूलभूत अटी आणि त्यांना पूरक अशा किरकोळ अटी, असा तो विचार आहे. पण तिथे खात्याने स्वतःहून सवलत दिली होती आणि दुसऱ्या निविदाकाराने तिला आव्हान दिले होते. म्हणजे किरकोळ त्रुटी माफ करायचा अधिकार खात्याला आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. माफ कराच, असा हक्क निविदाकाराला मिळत नाही. २०१६ च्या सेंट्रल कोलफिल्ड्स प्रकरणात बँक गॅरंटी ठरलेल्या नमुन्यात नव्हती म्हणून खात्याने निविदा फेटाळली, आणि सर्वोच्च न्यायालयाने खात्याची बाजू घेतली: कोणती अट महत्त्वाची हे ठरवण्यात खात्याच्या मताला मान द्यावा लागतो. सरकारी वकील हाच निकाल वाचतील.

म्हणून तुमचा खरा जोर तिसऱ्या मुद्द्यावर आहे: दुसऱ्याला राहिलेला कागद देऊ दिला, तुम्हाला नाही. अट कडक ठेवायची की सैल हे खाते ठरवू शकते, पण जे ठरवेल ते सर्वांना सारखे लागले पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद १४ चा (समानतेच्या हक्काचा) निविदेतला व्यवहारी अर्थ हाच आहे. २०२४ च्या बन्सिधर कन्स्ट्रक्शन विरुद्ध भारत कोकिंग कोल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तांत्रिक फेरीतली अपात्रता रद्द केली, त्यात यशस्वी निविदाकाराला मिळालेली सवलत हा मोठा भाग होता. मात्र ‘असे कळते’ एवढ्यावर हे उभे राहत नाही. कुणाला, कोणत्या तारखेला, कोणता कागद देऊ दिला हे दाखवावे लागते. आणि त्याचा कागद व तुमचा कागद एकाच जातीचे असावे लागतात. त्याला जीएसटी प्रमाणपत्राची स्पष्ट प्रत मागितली असेल आणि तुमचा पूर्णत्वाचा दाखलाच नसेल, तर तुलना कोसळते.

शिवाय चुकीची समानता मागता येत नाही. दुसऱ्याला नियम मोडून आत घेतले म्हणून मलाही मोडून घ्या, असे न्यायालयात म्हणता येत नाही. तशा वेळी फार तर तोही बाद होईल किंवा फेरनिविदा निघेल. काही वेळा तेवढेही पुरेसे असते, पण काय मागतो आहोत हे आधी ठरलेले असावे.

आज काय करायचे? पोर्टलवर लॉगिन करून तांत्रिक छाननीचा गोषवारा, तुमच्या नावापुढचा शेरा, इतरांच्या नावापुढचे शेरे, आणि तुम्ही चढवलेल्या सगळ्या फाइलींची वेळेसह पोचपावती उतरवून घ्या. स्क्रीनचे फोटो तारीख-वेळ दिसेल असे घ्या. टप्पा पुढे सरकला की काही पाने बदलतात. बाद झाल्याचा ई-मेल जपून ठेवा. मुदत आणि विलंब यांचा हिशेब त्याच्या तारखेपासून होईल.

त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याला निवेदन द्या. बांधकामाच्या निविदेत तो बहुधा कार्यकारी अभियंता असतो. त्याची प्रत त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला. निवेदन दोन पानांपेक्षा मोठे नको. निविदा क्रमांक, अपात्रतेचे दोन्ही शेरे जसेच्या तसे, प्रत्येकासमोर निविदेतले कलम आणि तुमच्या कोणत्या फाइलच्या कोणत्या पानावर उत्तर आहे ते. पूर्णत्वाचा दाखला सोबत जोडा आणि त्याची तारीख निविदेच्या मुदतीआधीची आहे हे ठळक लिहा. दुसऱ्या निविदाकाराला कागद देऊ दिल्याची जी माहिती असेल ती मांडा. शेवटी तीन मागण्या: सविस्तर कारणे द्या, फेरविचार करा, आणि तोपर्यंत आर्थिक लिफाफे उघडू नका. ई-मेल करा, पोर्टलवर सोय असेल तर तिथेही टाका, आणि कागदी प्रत आवक विभागात देऊन शिक्का व आवक क्रमांक घ्या. या शिक्क्याची किंमत पुढे न्यायालयात कळते. उत्तराची वाट ४८ तासांपेक्षा जास्त पाहू नका. चतुर्थी, दिवाळी किंवा नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर छाननीचा निकाल लागला असेल, तर तेवढेही थांबू नका.

निविदा जेम पोर्टलवरची (केंद्राच्या ऑनलाइन खरेदी बाजारावरची) असेल, तर तांत्रिक अपात्रतेविरुद्ध निवेदनाची खिडकी तिथेच उघडते आणि ती जेमतेम दोन दिवसांची असते. ती चुकली तर पुढे ‘पर्यायी मार्ग वापरला नाही’ हे ऐकून घ्यावे लागते.

तामिळनाडू (१९९८), कर्नाटक (१९९९) किंवा राजस्थान (२०१२) इथे सार्वजनिक खरेदीचे स्वतंत्र कायदे आहेत आणि त्यांत अपिलाची पायरी आहे. गोव्यात तशी पायरी नाही. निवेदन, आणि ते फळले नाही तर अनुच्छेद २२६ खाली थेट पर्वरीला उच्च न्यायालयात रिट याचिका, एवढाच रस्ता. आडवाटांना वेळ घालवू नका. लघुउद्योगांची सुविधा परिषद ही थकलेल्या बिलांसाठी आहे, निविदा फेटाळल्याच्या तक्रारींसाठी नाही. लवाद चालत नाही, कारण करारच झालेला नाही. राज्य सरकारविरुद्ध दिवाणी दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आडवी येते. तातडीने त्यातून सूट मागता येते, पण मग रिट का नाही हा प्रश्न उरतोच. माहिती अधिकाराचा अर्ज जरूर टाका, छाननी समितीचे टिपण आणि तुलनात्मक तक्ता मागा, पण उत्तराला ३० दिवस लागतात. तो पुढच्या टप्प्यासाठीचा दारूगोळा आहे, या आठवड्याचा नाही.

रिटमध्ये न्यायालय काय बघते, हे कळले की काय लिहू नये हेही कळते. १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून सूत्र एकच: न्यायालय निर्णय तपासत नाही, निर्णयापर्यंत पोचण्याची पद्धत तपासते. २००७ च्या जगदीश मंडल प्रकरणात त्याचे दोन प्रश्न झाले. प्रक्रिया दुष्ट हेतूची, कुणावर मेहेरनजर करणारी किंवा इतकी मनमानी आहे का, की कोणताही शहाणा अधिकारी असे वागला नसता? आणि त्यामुळे सार्वजनिक हिताला धक्का लागतो का? म्हणून ‘आम्ही वीस वर्षे काम करतो, आमचा दर्जा चांगला’ ही पाने काढून टाका. त्यांच्या जागी चारच प्रकारची विधाने हवीत: निविदेत नसलेल्या कारणावरून बाद केले, निविदेत आहे ते कलम सरळ विरुद्ध अर्थाने वाचले, नोंदीवर असलेला कागद पाहिलाच नाही, किंवा दुसऱ्याला वेगळी पट्टी लावली. पहिल्या प्रकाराला २०२५ मध्ये चांगला आधार मिळाला आहे: महा मिनरल मायनिंग विरुद्ध मध्य प्रदेश पॉवर जनरेटिंग कंपनी या प्रकरणात निविदेने न मागितलेला संयुक्त भागीदारीचा करार जोडला नाही म्हणून बाद करणे सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले.

कारणांबद्दल एक महत्त्वाचे. पोर्टलवर ‘अटीप्रमाणे नाही’ एवढेच लिहिले असेल आणि सरकारी प्रतिज्ञापत्रात अचानक चार नवी कारणे आली, तर मोहिंदर सिंग गिल (१९७८) निकाल वापरा: आदेश त्यातल्याच कारणांवर टिकला किंवा पडला पाहिजे, मागाहून प्रतिज्ञापत्राने त्यात भर घालता येत नाही. पण छाननी समितीच्या इतिवृत्तात ती कारणे आधीपासून लिहिलेली असतील, तर हा मुद्दा चालत नाही. म्हणून याचिकेतच इतिवृत्त हजर करण्याची मागणी करा.

याचिकेत कोण कोण हवे? राज्य सरकार, संबंधित खाते, निविदा अधिकारी, आणि तांत्रिक फेरीत पात्र ठरलेले सर्व निविदाकार. शेवटचे विसरू नका. ज्याला सवलत दिल्याचा आरोप करता त्याला पक्षकारच केले नाही, तर त्या मुद्द्यावर न्यायालय एक शब्द ऐकणार नाही. दुष्ट हेतूचा आरोप असेल, तर त्या अधिकाऱ्याला व्यक्तिशः प्रतिवादी करावे लागते आणि तपशील शपथेवर द्यावे लागतात. माझे स्पष्ट मत: पक्का पुरावा नसेल तर दुष्ट हेतू लिहूच नका. मनमानी सिद्ध करायला हेतूची गरज नसते, आणि पोकळ आरोपाने बाकीच्या चांगल्या मुद्द्यांवरचा विश्वासही उडतो. मराठी-कोकणीतले कागद असतील तर इंग्रजी भाषांतर सोबत लागते; ते करायला अर्धा दिवस जातो, तो धरून चाला. सरकारी वकिलांच्या कार्यालयात आणि बाकी प्रतिवादींना प्रत आधी पोचवा, मग खंडपीठापुढे तातडीच्या सुनावणीसाठी मेन्शनिंग (तोंडी विनंती) करा. लिफाफे कोणत्या तारखेला, किती वाजता उघडणार, त्याचा पोर्टलवरचा कागद हातात असू द्या. तातडी दाखवायला तोच लागतो.

अंतरिम मागणीवर प्रकरणाचे भवितव्य ठरते, आणि नेमकी तिथेच अवाजवी मागणी होते. संपूर्ण निविदेला स्थगिती मागू नका. २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक कामे थांबवण्याबद्दल न्यायालयांना स्पष्ट सावध केले: शक्य तिथे नुकसानभरपाईचा विचार व्हावा, काम अडू नये. २०१८ च्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष कायद्यात आलेल्या कलम २०-अ आणि ४१ (एचए) यांचाही आधार त्यात आहे. पायाभूत प्रकल्पांना मनाईहुकूम देऊ नये, असे ती कलमे सांगतात. पथदीप त्या यादीत बसतात का यावर वाद होऊ शकतो, पण तो वाद ओढवून कशाला घ्यायचा? त्यापेक्षा एवढेच मागा: आमचा आर्थिक लिफाफा इतरांबरोबर, याचिकेच्या निकालाच्या अधीन राहून, उघडावा. या मागणीने काम थांबत नाही, कुणाचे नुकसान होत नाही, आणि तुमचा दर एल-वन नसेल तर प्रकरण तिथेच संपते व सगळ्यांचा वेळ वाचतो. तुमचा दर सर्वांत कमी निघाला, तर सार्वजनिक हिताचा प्रश्न आपसूक तुमच्या बाजूला येतो. हे नाकारले गेले, तर दुसरी पायरी: वर्क ऑर्डर दिली तरी ती याचिकेच्या अधीन राहील असा आदेश.

दाखल करून झोपू नका. याचिका प्रलंबित असताना लिफाफे उघडले आणि वर्क ऑर्डर गेली, तर तिला आव्हान देण्यासाठी याचिकेत लगेच दुरुस्ती करावी लागते. नाहीतर ‘आता याचिकेत काही उरले नाही’ म्हणून ती निकाली निघते. उशिराची किंमत रमणा शेट्टी प्रकरणातच दिसते. सरकार आपल्या अटींना बांधील आहे हे त्या निकालाने सांगितले, मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या त्या निविदेत अट मोडली गेल्याचेही मान्य केले, पण याचिकाकर्त्याला काही दिले नाही. तो महिनोन्महिने थांबला होता आणि तोवर दुसऱ्याने मांडणीवर खर्च केलेला होता. माझ्या मते छाननीचा निकाल कळल्यापासून आठवड्याच्या आत याचिका दाखल व्हायला हवी. वर्क ऑर्डरनंतरच्या प्रत्येक दिवसागणिक तुमची बाजू दुबळी होते.

कधी जाऊ नये तेही सांगतो. दर भरताना चूक झाली असेल तर जाऊ नका. लिफाफा उघडल्यावर दर दुरुस्त करू देण्याविरुद्ध पटेल इंजिनिअरिंग (२००१) निकाल पक्का आहे. तांत्रिक लिफाफ्यातच दराची शीट चढवली असेल, दरपत्रकाच्या एक्सेल फाइलची रचना बदलली असेल, डिजिटल सही अशा माणसाची असेल ज्याला अधिकारपत्रच दिलेले नाही, सनदी लेखापालाच्या दाखल्यावर यूडीआयएन (दाखल्याचा ओळख क्रमांक) नसेल आणि निविदेत ते स्पष्ट मागितले असेल, तर न्यायालयाकडून अपेक्षा ठेवू नका. खासगी मालकाच्या कामाचा अनुभव दाखवताना टीडीएसचा पुरावा न जोडणे हीही त्याच माळेतली त्रुटी. निविदाक्षमतेच्या (आणखी किती काम पेलता येईल याच्या) गणितात हातातली कामे लपवली असतील तर मुळीच जाऊ नका. तिथे अपात्रतेवरून गोष्ट खोट्या माहितीवर जाते आणि काळ्या यादीचे दार उघडते.

अट अन्यायकारक आहे म्हणून भांडायचे असेल, तर त्याची वेळ निविदा भरण्याआधीची. अट मान्य करून भरली आणि बाद झाल्यावर तिलाच आव्हान दिले, तर ‘मग भाग का घेतलात’ या प्रश्नाला उत्तर नसते. प्री-बिडमध्ये लेखी हरकत घ्या, उत्तर आले नाही तर मुदतीआधी याचिका करा. तिथे न्यायालय खात्याला बरीच मोकळीक देते, तरी दारे बंद नाहीत. २०२५ मध्येच विनिश्मा टेक्नॉलॉजीज प्रकरणात ‘छत्तीसगडमधल्या सरकारी संस्थांनाच पूर्वी पुरवठा केलेला असावा’ अशी अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. गोव्यातल्या उद्योजकाने हा निकाल दोन्ही बाजूंनी वाचावा: शेजारच्या राज्यात तो तुम्हाला दार उघडतो, आणि इथे ‘फक्त गोव्यातला अनुभव’ या अटीच्या आडोशाला उभे राहिलात तर तो आडोसा टिकणार नाही.

खर्चाचा हिशेबही मांडा. ६५ लाखांच्या कामात दहा टक्के नफा धरला तर साडेसहा लाख. त्यातून वकील, कागदपत्रे, पर्वरीच्या फेऱ्या, आणि हरलात तर न्यायालयाने लावलेला खर्च वजा होतो. २०२१ च्या युफ्लेक्स निकालानंतर व्यापारी स्वरूपाच्या निविदा-वादात हरणाऱ्यावर प्रत्यक्ष खर्च लावण्याकडे कल वाढला आहे. याचिका करण्यामागे नफ्याखेरीज एक खरे कारण असू शकते: तोच शेरा पुढच्या प्रत्येक निविदेत तुमच्यामागे येणार असेल, तर तो आताच पुसून घ्यावा.

अपात्रतेबरोबर ईएमडी जप्तीचे किंवा काळ्या यादीचे पत्र आले, तर मात्र हा नफ्या-तोट्याचा हिशेब बाजूला ठेवा आणि जाच. काळ्या यादीत टाकण्याआधी कारणे दाखवा नोटीस हवी, त्या नोटिशीत काळ्या यादीचा प्रस्ताव स्पष्ट लिहिलेला हवा (गोरखा सिक्युरिटी, २०१४), आणि बंदीला कालमर्यादा हवी (कुलजा इंडस्ट्रीज, २०१४). निविदा नाकारण्यात खात्याला जी मोकळीक मिळते ती इथे मिळत नाही. त्या नोटिशीला दिलेल्या मुदतीत, मुद्देसूद आणि लेखी उत्तर द्या. वैयक्तिक सुनावणी मागितली आहे हे त्यात लिहा. उत्तर न देता थेट याचिका केली, तर न्यायालय बहुधा तुम्हाला परत त्याच अधिकाऱ्याकडे पाठवते.